आवारांतील पक्षी व आपली टापटीप

वार्षिकाच्या मराठी विभागाकरितां ‘कांहीं तरी बोधपर’ लिहून द्यावें, असा संपादकमंडळाचा निरोप आला तेव्हां मीं त्यांस स्पष्टच कळविलें कीं, बोध करण्याइतकी माझी योग्यता नाहीं; परंतु माझी एक तक्रार आहे, ती छापणार असाल तर लिहून देतों. ती तक्रार आपल्या शाळेच्या आवाराविषयीं आहे, आणि तींत पहिला आरोपी मी स्वतःच आहें.

आवार-समितीपुढें यंदा दोन सूचना आहेत. पूर्वेकडील मेंदीचें व घाणेरीचें जुनें कुंपण उपटून तेथें विटांची भिंत घालावी, ही एक. आणि वसतिगृहामागील दोन वठलेलीं झाडें, एक कडुनिंब व एक आंबा, मुळापासून काढून ती जागा फरशी घालून साफ करावी, ही दुसरी. दोन्ही सूचनांमागील हेतु चांगलाच आहे. पालक व पाहुणे येतात, त्यांच्या दृष्टीस शाळा टापटिपीची दिसावी असें कोणास वाटणार नाहीं? तरीहि या दोन्ही सूचनांस माझा विरोध आहे. आणि तो कां, हें सांगण्यासाठीं मला प्रथम २०१८ सालची एक गोष्ट सांगितली पाहिजे.

त्या वर्षीं मी आवार-समितीचा चिटणीस होतों. चित्रकलेच्या वर्गामागें एक मोठा शिरीष होता. तो दोन उन्हाळ्यांपूर्वींच वठला होता. तो पाडावा असें ठरलें, वृक्ष प्राधिकरणाची परवानगी रीतसर मिळाली, कागदावर माझी सही झाली, आणि मार्च महिन्याच्या एका शनिवारीं करवतवाले आले. मी तेथें देखरेखीस उभा होतों. एक जाड फांदी खालीं आली आणि माळीमामांनीं ती उलटी केली, तों तिच्या खालच्या अंगास रुपयाच्या नाण्याहून थोडें मोठें, कंपासनें आंखल्यासारखें वाटोळें भोंक दिसलें. आंत दोन पिलें होतीं. अंगावर पिसें नव्हतीं. एक पडण्याच्या धक्क्यानेंच मेलें होतें. दुसरें संध्याकाळपर्यंत जगलें.

‘सर, तांबटाचीं आहेत,’ माळीमामा म्हणाले. ‘महिनाभर घर कोरीत होते दोघंजण.’

‘मग आधीं कां नाहीं सांगितलंत?’ मीं रागानेंच विचारलें.

‘तुम्हीं विचारलं नाहीं.’

हें उत्तर मला अजून बोचतें. ‘टुक्, टुक्, टुक्’ असा तो आवाज जानेवारीच्या अखेरीपासून मी रोज ऐकत होतों. माझ्या वर्गाच्या खिडकींतून तो स्पष्ट येई. आणि लोहारकामाच्या वर्गांत कोणी तरी पत्रा ठोकीत आहे, अशी माझी पक्की समजूत होती! एकदां तर त्या वर्गाच्या शिक्षकांस मीं चिठ्ठी पाठवून ठोकाठोक थांबविण्याविषयीं विनंतीहि केली होती. (त्यांनीं ती चिठ्ठी जपून ठेविली असून, योग्य प्रसंगीं ते ती मला दाखवितात.) पत्र्यावर हातोडी पडावी तसा एकसुरी आवाज काढणाऱ्या या पक्ष्यास आपल्या लोकांनीं तांबट हें नांव किती नेमकें दिलें आहे, हें मराठी शिकविणाऱ्या माणसास ठाऊक नव्हतें. झाड पाडल्यावर तीन दिवस ती जोडी त्या रिकाम्या जागेंत येऊन शेजारच्या तारेवर बसत असे. हिरवें अंग, कपाळावर व गळ्याखालीं तांबडा भडक ठिपका, डोळ्यांभोंवतीं पिवळें. चिमणीहून थोडा मोठा, मानेनें आंखूड असा तो सुंदर पक्षी मीं आयुष्यांत प्रथम नीट पाहिला तो असा.

सही कायदेशीर होती, झाड वठलेलें होतें, आणि कोणीहि कोणावर आरोप केला नाहीं. परंतु ज्या जागेचा मी कारभार करीत होतों, त्या जागेंत कोण राहतें याची मला माहिती नव्हती. माझें सारें म्हणणें यांतच आलें. आवाराचा कारभार करणाऱ्यानें निदान एक वर्षभर त्यांतले पक्षी तारीखवार टिपून घ्यावे आणि मगच कुऱ्हाड मागवावी.

त्या मार्च महिन्यापासून मीं एक वही घातली. शंभर पानांची साधी वही, तिच्यांत चार रकाने: तारीख, वेळ, जागा, आणि पक्षी काय करीत होता. नांव माहीत नसल्यास जागा कोरी ठेवावयाची, पण शेवटचा रकाना कोरा ठेवावयाचा नाहीं, एवढाच नियम. पुढें मुलांनींहि त्या वहींत लिहिण्यास सुरुवात केली. आज तिच्या चार वह्या झाल्या आहेत.

त्या वह्या चाळून पाहिल्या म्हणजे आपल्या या दुष्काळी मुलखांतील कोरड्या आवारालाहि किती ऋतु आहेत, हें ध्यानांत येतें. शाळेच्या वेळापत्रकाप्रमाणें आपण वर्षाचे दोन भाग समजतों, सहामाहीपूर्वींचा व नंतरचा. पक्ष्यांचें वेळापत्रक याहून पुष्कळ बारीक आहे. फेब्रुवारींत फाटकाजवळचा पांगारा फुलला म्हणजे त्यावर भोरड्यांचे थवे पडतात. काळें डोकें व गुलाबी अंग असलेल्या या साळुंक्या मध्य व पश्चिम आशियांतून आणि युरोपच्या आग्नेय कोपऱ्यांतून आपल्याकडे हिंवाळा काढण्यास येतात, आणि एप्रिलअखेर परत जातात. त्याच सुमारास शिंजीर, ज्याला सूर्यपक्षी असेंहि म्हणतात, त्याच्या नराचें अंग निळें-जांभळें झळाळूं लागतें. वहींत एका वर्षीं मुलांनीं ‘नवा पक्षी, पिवळट पोट, मध्यें काळी उभी रेघ’ अशी नोंद केली होती. तो नवा पक्षी नव्हे; पावसाळ्यानंतर आपला झगझगीत पोषाख उतरवून ठेवलेला तोच नर होय. एकाच पक्ष्यास दोन पोषाख असतात, हें पुस्तकांत वाचून जितकें कळतें त्याच्या दसपट त्या चुकलेल्या नोंदीमुळें वर्गास कळलें.

चुका माझ्याहि निघाल्या. ‘कोकिळा गाते’ हें मी वीस वर्षें व्याकरणाच्या तासाला कर्तरि प्रयोगाचें उदाहरण म्हणून देत आलों. दोन वर्षांपूर्वीं सातवींतील एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, ‘सर, प्रयोग बरोबर आहे, पण गातो तो नर असतो. मादी ठिपक्याठिपक्यांची असते, ती नुसतीच किक्-किक् करते.’ वर्ग हंसला, मीहि हंसलों, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं आंब्याखालीं जाऊन पाहिलें, तों काळाकुळकुळीत, लाल डोळ्यांचा नर मान ताणून ओरडत आहे आणि तपकिरी अंगावर पांढरे ठिपके असलेली मादी खालच्या फांदीवर कावळ्याच्या घरट्याकडे लक्ष लावून बसली आहे. आपल्या कवींनीं कोकिळेस स्त्रीलिंगांत गावयास लाविलें आहे, तें गोड आहे व तें तसेंच राहूं द्यावें. परंतु व्याकरणाच्या तासाला मी आतां निराळें उदाहरण देतों.

मे महिन्याच्या सुटींत शाळा रिकामी असते, आणि माझ्या मतें आवार खरें भरलेलें असतें तें तेव्हांच. पावशा ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ असें रात्रंदिवस ओरडूं लागतो. जूनच्या आगेमागें आफ्रिकेकडून समुद्र ओलांडून चातक येतो. काळापांढरा, डोक्यावर तुरा. तो केवळ आकाशांतले थेंबच पितो हें काव्य झालें. वस्तुतः तो सुरवंट व किडे खातो, आणि आपलीं अंडीं सातभाईंच्या घरट्यांत ठेवून मोकळा होतो. पावशाहि त्यांच्याच घरीं पाहुणा. ते बिचारे सातभाई, ज्यांस आपण कलकलाटामुळें भांडखोर समजतों, ते परक्यांचीं पिलें एकमेकांच्या मदतीनें वाढवितात. आमच्या वहींत २०२२ च्या जुलै महिन्यांतील एक नोंद आहे: ‘पूर्वेचें कुंपण. चार सातभाई एका तुरेवाल्या पिलाला भरवीत होते. पिलूं त्यांच्यापेक्षां लांब.’ लिहिणारा मुलगा आठवींत होता. त्यानें पुढें कांहीं लिहिलेलें नाहीं, आणि कांहीं लिहिण्याची गरजहि नव्हती.

या कुंपणाविषयींच मला अधिक बोलावयाचें आहे. तें वेडेंवांकडें आहे, त्यांत कागद अडकतात, घाणेरी ही तर परदेशांतून येऊन माजलेली वनस्पति. हें सर्व खरें. परंतु सात वर्षांच्या नोंदींत त्या दोनशें पावलांच्या लांबींत बुलबुल, शिंपी, राखी वटवट्या, सातभाई आणि भारद्वाज अशा पांच प्रकारच्या पक्ष्यांचीं घरटीं आढळलीं. भिंतींत एकहि आढळणार नाहीं. शिंपी तर लिंबाचीं दोन पानें कापसाच्या व कोळ्याच्या धाग्यांनीं टांके घालून शिवतो, आणि त्या पिशवींत मऊ गादी करतो. शिवणकामाच्या वर्गांतील मुलींना मीं तें रिकामें झालेलें घरटें दाखविलें तेव्हां त्यांच्या बाईंनीं टांका कसा आहे हें भिंगानें पाहिलें. कुंपणाची छाटणी करूंच नये असें मी म्हणत नाहीं. बुलबुलाचें अंडें घातल्यापासून पिलूं घरटें सोडीपर्यंत सुमारें चार आठवडे लागतात. इतकी वाट पाहण्यानें शाळेचें काय अडतें? आपल्याकडे बहुतेक बागेंतल्या पक्ष्यांची वीण फेब्रुवारीपासून पावसाळ्याच्या अखेरपर्यंत चालते. म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरांत, दिवाळीची सुटी संपल्यावर, छाटणी करावी. घाणेरी थोडी थोडी काढून त्या जागीं करवंद, निरगुडी, अडुळसा लावावा. तीन वर्षांत कुंपण निराळें होईल आणि राहणारे बेघर होणार नाहींत.

वठलेल्या झाडांचा प्रश्न याहून अवघड आहे, आणि तेथें मुख्याध्यापकांची बाजू मी हलकी समजत नाहीं. वाळकी फांदी मुलाच्या डोक्यांत पडली तर सारीं पांखरें मिळून त्याची भरपाई करूं शकणार नाहींत. तेव्हां जी फांदी वाटेवर किंवा खेळण्याच्या जागेवर येते ती उतरवावीच. परंतु वसतिगृहामागें मुलांची वर्दळ नाहीं. तेथें झाड मुळापासून काढण्याऐवजीं वरच्या फांद्या उतरवून पुरुषभर उंचीच्या दुप्पट खोड उभें ठेवतां येतें, व भोंवतीं तारेचें साधें कुंपण घालतां येतें. तांबटाची चोंच जिवंत, कठीण लाकडांत चालत नाहीं. त्याला मऊ झालेलें, वठलेलें लाकूडच लागतें. त्यानें कोरलेलें घर तो सोडून गेला म्हणजे तें दुसऱ्या लहान पक्ष्यांच्या उपयोगीं पडतें. खोडाच्या मोठ्या ढोलींत पिंगळा राहतो. पिंगळ्याचें नांव काढतांच आमच्या कांहीं पालकांच्या कपाळास आंठी पडते. पण उंदीर व किडे खाऊन जगणारा तो गरीब प्राणी कोणाचें अशुभ करण्याइतका रिकामा नाहीं. वठलेलें झाड हें झाडाचें प्रेत नव्हे, ती एक भरलेली चाळ आहे.

येथें कोणी विचारील कीं, आपली शाळा दरसाल पक्षी पाहण्यास सहल नेते, तेवढें पुरे नाहीं काय? सहल अवश्य न्यावी. भिगवणला उजनीच्या पाण्यांत रोहित पक्ष्यांचा तांडा उतरलेला पाहणें हें भाग्यच आहे. परंतु गेल्या खेपेस परततांना मीं मोटारींत सहज विचारलें कीं, आपल्या वर्गाच्या खिडकींत रोज येऊन कांचेवर चोंच मारतो तो काळापांढरा पक्षी कोणता? चाळीस मुलांपैकीं तिघांनीं दयाळ हें नांव सांगितलें. बाकीच्यांच्या भ्रमणध्वनींत रोहित पक्ष्याचीं मिळून शेंकडों छायाचित्रें होतीं. तेव्हां मला वाटलें कीं, आम्हीं मुलांस लांबचें पाहण्याची संवय लावीत आहोंत आणि जवळचें झांकून ठेवीत आहोंत. आवाज ऐकून पक्ष्याचें नांव सांगणारीं साधनेंहि आतां भ्रमणध्वनींत आलीं आहेत. तीं उपयुक्त आहेत, मीहि वापरतों. पण नांव आधीं हातीं आलें म्हणजे डोळे लवकर थकतात, असा माझा अनुभव आहे.

दयेच्या नांवाखालीं होणाऱ्या कांहीं गोष्टींविषयींहि दोन शब्द. दरसाल २० मार्चला चिमणी दिन येतो व मुलें पुठ्ठ्याचीं घरटीं करून टांगतात. चिमण्या नाहींशा होत आहेत असें सरसकट सांगितलें जातें; २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या भारतांतील पक्ष्यांच्या स्थितीविषयींच्या अहवालांत मात्र देशभराचा विचार करतां चिमणीची संख्या बव्हंशीं स्थिर आहे, व घट आढळते ती मुंबईसारख्या मोठ्या शहरांत, असें नमूद आहे. तेव्हां घरटें टांगण्यापूर्वीं आपल्या गांवांत चिमण्या किती आहेत तें मोजावें हें बरें. कबुतरांस गोणीगोणीनें धान्य टाकणें हें तर मला अजिबात पसंत नाहीं. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीनें फुप्फुसांचा विकार जडतो. २०२५ सालीं मुंबईंत कबुतरखान्यांचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला तो याच कारणास्तव. पाण्याचें पसरट मातीचें भांडें सांवलींत ठेवावें, रोज धुवावें, आणि बाकी पक्ष्यांचें पोट पक्ष्यांवर सोंपवावें. आणि पिंजऱ्यांतला पोपट? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानें तो गुन्हा आहे, हें ज्यांच्या घरीं तो आहे त्यांनीं समजून घ्यावें. नांवें मी लिहीत नाहीं.

गलोलीविषयीं मात्र मी पूर्वींइतका कठोर राहिलों नाहीं. रेव्हरंड टिळकांची ‘केवढें हें क्रौर्य!’ ही घायाळ पक्षिणीची कविता मी दरसाल वर्गांत वाचतों, आणि दरसाल एखादें पोर ती ऐकतांना डोळे पुसतें व मधल्या सुटींत खिशांतली गलोल चांचपतें. पूर्वीं मी ती काढून घेत असें. आतां मी त्या मुलास वही देतों. कारण नेम धरणाऱ्या मुलाइतकें बारीक लक्ष दुसऱ्या कोणाचें नसतें. मुंबईंत १८९६ सालीं जन्मलेले सालिम अली हे लहानपणीं छर्ऱ्याच्या बंदुकीनें चिमण्या मारीत. एकदां मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, म्हणून ती काय आहे हें विचारण्यास ते मुंबईच्या निसर्गेतिहास संस्थेंत गेले. तेथील चिटणीस मिलर्ड यांनीं त्यांस हांकलून न देतां पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे खण उघडून दाखविले. पुढचा सारा इतिहास त्या उघडलेल्या खणांतून निघाला. आपल्या भाषेंत हेंच काम मारुति चितमपल्ली यांनीं केलें. वनखात्यांत नोकरी करीत असतां आदिवासींच्या व पारध्यांच्या तोंडून त्यांनीं पक्ष्यांचीं नांवें गोळा केलीं. त्यांचा ‘पक्षिकोश’ आपल्या ग्रंथालयांत आहे. १८ जून २०२५ रोजीं सोलापुरास त्यांचें देहावसान झालें. ५ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस व १२ नोव्हेंबर हा सालिम अलींचा. या दोहोंमधला आठवडा महाराष्ट्रांत पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. छाटणी कधीं करावी याची आठवण ठेवण्यास याहून सोईचा आठवडा सांपडणार नाहीं.

गेल्या फेब्रुवारींत, जगभर चार दिवस परसांतील पक्ष्यांची जी मोजदाद होते तींत आपल्या शाळेनें प्रथमच भाग घेतला. नियम सोपा आहे: एका जागीं निदान पंधरा मिनिटें उभें राहावें आणि दिसेल व ऐकूं येईल तें लिहावें. वठलेल्या कडुनिंबाखालीं पांचवीचीं मुलें होतीं. त्यांनीं अकरा प्रकारचे पक्षी लिहिले. त्यांत शेंपूट थरथरविणारा काळा-नारिंगी थिरथिरा होता, जो हिमालयाकडून ऑक्टोबरांत येतो आणि सहा वर्षें त्याच विहिरीच्या काठावर दिसतो. तोच पक्षी कीं दुसरा, हें पायांत वाळें घातल्यावांचून सांगतां येत नाहीं. फुटबॉलच्या सपाट, स्वच्छ, एकहि पान नसलेल्या मैदानावर नववीचीं मुलें होतीं. त्यांना तीन प्रकारचे पक्षी दिसले, त्यांतले दोन कावळे व कबुतरें.

हें वार्षिक आपल्या हातीं पडेपर्यंत समितीचा निर्णय झालेला असेल. बैठक पुढील आठवड्यांत आहे आणि मी दोन्ही सूचनांच्या विरुद्ध मत देणार आहें. चारहि वह्या बरोबर नेणार आहें, व माळीमामांनाहि बोलविण्याची विनंती अध्यक्षांस केली आहे. आज ७ मार्च. पूर्वेकडील कुंपणांत, पाण्याच्या टांकीपासून बाराव्या खांबाजवळ, बुलबुलाची जोडी सकाळपासून काड्या नेत आहे.